हँडलला बांधलेला कॅमेरा

मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीतल्या एका तरुणाने मला लिफ्टमध्ये गाठलं. त्याने नवी सायकल घेतली आहे, तिला माझ्या पहिल्या स्कूटरपेक्षा जास्त गिअर आहेत. "काका, तुम्ही पूर्वी रोज सायकलने कामाला जायचात ना? मी हेल्मेटवर कॅमेरा लावू का? ट्रॅफिकमध्ये कोणी ठोकलं तर निदान प्रूफ राहतं." विचार करून सांगतो असं मी म्हणालो, तेवढ्यात माझा मजला आला. तेव्हापासून मी जिन्याने ये-जा करतोय. गुडघे कुरकुरतात, पण त्याला उत्तर देण्यापेक्षा ते परवडलं.

कारण मी कॅमेरा लावला होता. सायकलवर कॅमेरा लावायचं कोणाच्या डोक्यातही नव्हतं, त्या काळात.

दादरची खोली सोडून आम्ही नवघरला राहायला आलो त्याला तेव्हा पाच-सहा वर्षं झाली असतील. मी शांती नगरमधल्या एका डीटीपीच्या दुकानात कामाला होतो. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्डं, पासपोर्ट फोटो, वाढदिवसाचे बॅनर आणि श्रद्धांजलीचे बॅनर, हे आमचं काम. शेअर रिक्षात शेजाऱ्याचं कोपर मला सहन व्हायचं नाही, म्हणून मी सायकल घेतली. माझा स्वभाव मुळात भांडकुदळ. बायको म्हणायची, हा माणूस झोपेतसुद्धा कोणाशी तरी हुज्जत घालत असतो.

एकदा एका गाडीवाल्याने रस्त्यात कडेला उभं राहून न बघता दार उघडलं आणि मी त्यावर जाऊन आपटलो. कोपर सोलवटलं. तो खाली उतरून माझ्यावरच खेकसला, "देख के नहीं चलता क्या?" पाच मिनिटांत गर्दी जमली आणि सगळी त्याच्या बाजूची. ज्याच्याकडे मी रोज वडापाव खायचो त्यानेही मान हलवून सांगितलं, "गलती साइकिलवाले की है." कोपरापेक्षा ते वाक्य मला जास्त झोंबलं. घरी येऊन मी डोक्यात राख घालून घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझा नवा कॅमेऱ्याचा मोबाइल जुन्या ट्यूबच्या पट्टीने हँडलला करकचून बांधला.

"हे कोणाला दाखवणार आहेस?" बायकोने विचारलं.

"वेळ आली तर कोर्टाला."

"कोर्ट तुझी वाटच बघतंय," ती म्हणाली आणि डबा भरायला लागली.

त्या मोबाइलचं चित्र आजच्या मानाने अगदीच रद्दी होतं. थोडं मोठं केलं की फुटायचं. आमच्या धंद्यात फोटो फुटतो म्हणतात, म्हणजे चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोन दिसायला लागतात. तरी मी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की सकाळचं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर लावून बसायचो. हा रिक्षावाला कसा घुसला बघा, ही बाईक उलट्या बाजूने कशी आली बघा. बघायला दुसरं कोणी नसायचं, मीच बघायचो आणि मीच चुकचुकायचो. हळूहळू माझ्या लक्षात आलं की रस्त्यात कोणी चूक केली की मला राग यायच्या आधी आनंद होतोय. कोणीतरी मध्ये घुसावं, म्हणजे आज काहीतरी मिळेल, अशी वाट बघत मी सायकल चालवायचो. हे मला तेव्हा कळत होतं. कळूनही मी पट्टी सोडली नाही.

याच रस्त्यावर रोज सकाळी मला एकजण भेटायचे, मी त्यांना काका म्हणायचो. मुर्धा गावचे कोळी, वय पंचावन्नच्या आसपास, अंगाने काटक. घरून मासळीची टोपली सायकलच्या कॅरिअरला बांधून ते नवघरच्या बाजारात यायचे. तिथे त्यांची बायको ओट्यावर बसून मासळी विकायची. तिला सगळेच मावशी म्हणायचे, मीही म्हणायचो. निम्मा माल मावशींना देऊन काका उरलेला घेऊन शांती नगरमधल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या घरी पोचवायला निघायचे, आणि माझीही निघायची तीच वेळ. रस्ता अरुंद, म्हणून ते पुढे आणि मी मागे. वयाने मोठे असून ते मला 'दादूस', म्हणजे दादा, म्हणायचे. त्यात थोडी थट्टा असायची, थोडी माया.

मोबाइल बांधलेला पहिल्यांदा बघितला तेव्हा ते पोट धरून हसले. "दादूस, ह्या क्यामेऱ्याला बगून गारी थांबतंय काय?"

"थांबत नाही, काका. पण पुरावा राहतो."

"मेल्यावर पुरावा कोनाला दावशील?"

पण फोटो म्हटलं की हाच माणूस लहान मूल होऊन जायचा. सिग्नलला थांबलो की मान वळवून विचारायचा, "आयलो का रं मी त्यात?" मी त्यांना दाखवायचो. पडद्यावर त्यांची पाठ असायची, टोपली, आणि मानेवर घामाने चिकटलेले केस. ते नाराज व्हायचे. "ही पाठ कोनाची पन असंल. थोबार न्हाय तं फोटो कसला?"

त्यांच्याकडे फोटोची रीत पक्की होती. फोटो म्हणजे चांगला शर्ट घालून कॅमेऱ्याकडे तोंड करायचं. घरात त्यांचे दोनच फोटो होते, एक लग्नातला आणि एक निवडणूक ओळखपत्रावरचा. ओळखपत्रात आपण चोर दिसतो हे ते स्वतःच सांगायचे. त्यांना आपला फोटो हवा होता तो सायकलवरचा, चालत्या सायकलवरचा. तीस वर्षं ज्या सायकलवर मासळी वाहिली तिच्यावर आपण कसे दिसतो ते त्यांना एकदा बघायचं होतं.

खरं तर काय लागलं असतं? ट्यूबची पट्टी सोडायची, मोबाइल हातात घ्यायचा, त्यांना पुढून सावकाश यायला सांगायचं. दोन मिनिटांचं काम. पण पट्टी घट्ट होती, सोडायचा मला कंटाळा यायचा, दुकान उघडायची घाई असायची. आज काढू, उद्या काढू. शेवटी एका संध्याकाळी बाजारात भेटले तेव्हा मी म्हणालो, "उद्या नक्की. मी मागून हाक मारतो, तुम्ही फक्त वळून बघा. मस्त येईल."

ही युक्ती माझी. दुसऱ्या कोणाचीही नाही.

दुसऱ्या दिवशी काका पोपटी रंगाचा शर्ट घालून आले होते. मी तो बघितला आणि त्याबद्दल काही बोललोही नाही, माझं लक्ष बॅटरीच्या काड्यांकडे होतं. मुख्य रस्त्याला लागलो. उन्हं अंगावर आली होती, गर्दी बेताचीच होती. मागून पाण्याचा टँकर येत असल्याचा आवाज मला ऐकू येत होता. आमच्या भागात सकाळी टँकर नसला तरच आश्चर्य, म्हणून मी त्याची दखलच घेतली नाही. मी बटण दाबलं आणि ओरडलो, "काका, इकडे बघा!"

त्यांनी उजव्या खांद्यावरून मान वळवली. एक हात हँडलवरून सुटला. ते तोंडभरून हसले आणि काहीतरी विचारलं. माणूस जिकडे बघतो तिकडे सायकल वळते. त्यांची सायकल उजवीकडे झुकली आणि त्याच वेळी टँकर मला ओलांडून पुढे गेला.

टँकर थांबला नाही. त्याला कळलं होतं की नव्हतं, मला माहीत नाही. मी काकांचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा रस्त्यावर कोळंबी पसरली होती आणि त्यातली काही अजून हलत होती. एका रिक्षावाल्याने रिक्षा रिकामी करून आम्हाला दवाखान्यात नेलं. त्याच्याच जातीविरुद्ध मी महिनाभर पुरावे गोळा करत होतो. डॉक्टरांनी काकांना तपासलं आणि पाचच मिनिटांनी बाहेर येऊन सांगितलं, काका गेले.

तिथे आलेल्या हवालदाराने माझ्या सायकलकडे बघून विचारलं, "मोबाइल बांधलाय तो. काही आलंय का यात?"

मी म्हणालो, "बंद होता."

तो बंद नव्हता. त्याने चौदा सेकंद टिपले होते. दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून मी ते कॉम्प्युटरवर लावले. टँकरचा नंबर फुटला होता, त्या जागी चार पांढरे डाग होते. पण टँकरच्या मागे रंगवलेला मोर अगदी स्पष्ट होता, पिसारा फुलवलेला, त्यात एका बाजूला रंग उडालेला. तो टँकर शोधायला तेवढा मोर पुरेसा होता. त्याहून स्पष्ट होता माझा आवाज. काका, इकडे बघा. मोबाइल माझ्या छातीसमोर होता, त्यामुळे रस्त्याचा सगळा गोंगाट मागे आणि मी सगळ्यांत पुढे. पुरावा पाहिजे होता ना मला? तो मिळाला होता, माझ्याविरुद्ध.

मी मूग गिळून बसलो. मोराबद्दल मी आजपर्यंत कोणालाही सांगितलेलं नाही.

पाचव्या दिवशी मावशी दुकानात आल्या. डोळे कोरडे होते, आवाज बसला होता. त्यांनी ओळखपत्र काचेवर ठेवलं. "याच्यावरून मोठा फोटो करून दे. हार घालाया पायजे. पन यात तो चोर दिसतो रं."

मी म्हणालो, "माझ्याकडे एक आहे. मी करून देतो. दोन दिवस द्या."

का म्हणालो? त्यांना चांगलं काही द्यायचं होतं म्हणून, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. त्या चौदा सेकंदांतलं एक चित्र मी थांबवलं, काकांनी पूर्ण मान वळवून हसतानाचं. दोन दिवस त्यावर बसलो. चेहरा फुटत होता, तो मऊ केला. उजव्या कडेला टँकरचा निळा पत्रा चित्रात शिरलेला होता, तो थोडा थोडा करून पुसून काढला. मागचा रस्ता, दुकानं, विजेचा खांब सगळं काढून आम्ही सगळ्यांनाच देतो तसं आकाशी बॅकग्राउंड टाकलं. फ्रेम करून दिली आणि मग ते रेकॉर्डिंग आधी मोबाइलमधून आणि नंतर कॉम्प्युटरमधून कायमचं डिलीट केलं. बटण दाबल्यावर मला हलकं वाटलं, तेही इथे लिहून ठेवतो.

मावशींनी फोटो दोन्ही हातांनी धरला आणि खूप वेळ बघितला. "कदी काढलास हा?"

"असाच, एकदा."

त्यांनी मान हलवली आणि फ्रेम पदरात गुंडाळून घेतली.

त्यानंतर माझं रस्त्यावर लक्ष लागेना. सायकल काही महिने चालवली, कॅमेऱ्याविना. पण पुढे कोणी सायकलवाला असला की आपल्या तोंडून हाक निघेल अशी भीती वाटायची. घंटीसुद्धा वाजवायचो नाही. आणि टँकर. प्रत्येक टँकरच्या पाठीकडे मी बघायचो. कमळ, गरुड, लिंबू-मिरची, नुसतं पाणी असं लिहिलेलं. एकदा शांती नगरच्या कोपऱ्यावर माझ्यापुढे टँकर थांबला आणि त्यावर मोर होता, एका बाजूला रंग उडालेला. सिग्नल सुटेपर्यंत मी त्या मोरासमोर उभा होतो. मागच्या नळातून पाणी ठिबकत होतं. पुढे जाऊन ड्रायव्हरचा चेहरा बघावा असं मनात आलं, पण मी पुढे गेलो नाही. टँकर गेला. मागचे हॉर्न मारायला लागले तेव्हा मी सायकल हाताने ढकलत दुकानात आलो, आणि त्या आठवड्यात ती भंगारवाल्याला देऊन टाकली.

घरीही सुख नव्हतं. दुकानात रोज कोणाचा ना कोणाचा श्रद्धांजलीचा फोटो यायचा, आणि बॅकग्राउंड पुसताना मला वाटायचं, यांच्याही बाजूला असंच काहीतरी असेल, कोणीतरी पुसलेलं. बायकोला मी काही सांगितलं नाही. तिने एकदाच विचारलं, "तुझं ते कोर्टाचं काय झालं?" माझा चेहरा बघून तिने पुन्हा तो विषय काढला नाही.

वर्ष झालं तेव्हा मावशींनी बाजारातून निरोप पाठवला, वर्षाचं जेवण आहे, दादूसला यायला सांगा. न जाऊन चाललं नसतं. मुर्ध्याला त्यांचं घर गल्लीच्या टोकाला, दारात सुकत घातलेली जाळी, मागे जुन्या मिठागराची मोकळी जागा. पाहुणे जेवून पांगले होते. समोरच्या भिंतीवर काका. झेंडूचा हार, आकाशी आकाश आणि खांद्यावरून वळलेला तो चेहरा. मी दाराजवळ बसलो तरी ते माझ्याकडे बघत होते. जागा बदलून खिडकीशी बसलो, तरी माझ्याकडेच. बघणारच. मीच त्यांना बघायला सांगितलं होतं.

मावशींनी माझ्यासमोर ताट ठेवलं आणि स्वतः भिंतीला टेकून बसल्या.

"एक बोलू? रागावू नको," त्या म्हणाल्या. "तो शर्ट."

मी फोटोकडे बघितलं. पोपटी. सगळं पुसलं होतं मी, रस्ता, खांब, टँकर. शर्ट तसाच ठेवला होता. शर्ट कशाला बदलायचा असतो?

"लेकीनं आनलेला. पेटीत व्हता. त्या दिशी सकाली काढला त्यानं. मी बोलले, मासली वाहाया नवा शर्ट कशाला? तं बोलतो, आज दादूस फोटो काढनार हाय. एकदाच घातला रं त्यानं तो."

म्हणजे हा फोटो त्याच सकाळचा आहे हे त्यांना माहीत होतं. दुकानात फ्रेम हातात घेतली तेव्हापासून. वर्षभर रोज सकाळी त्या फोटोला हात जोडत होत्या, बाजारात मी दिसलो की हसत होत्या, आणि माझ्या 'असाच, एकदा' वर काही बोलल्या नव्हत्या. मी ताट बाजूला सारलं आणि सगळं सांगितलं. हाक मी मारली, वळायला मी सांगितलं, रेकॉर्डिंग चालू होतं, हवालदाराला मी खोटं सांगितलं. सगळं म्हणतो खरा, पण मोर तेव्हाही माझ्या तोंडून निघाला नाही.

त्या शिव्या देतील, उठून जा म्हणतील, अशी मी वाट बघत होतो. तसं झालं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"ते हालतं चित्र हाय ना मंग तुज्याकडं?" त्यांनी विचारलं. त्यांचा चेहरा एकदम उजळला होता आणि तो मला बघवत नव्हता. "त्यात तो बोलतो काय? मला ऐकव ना रं. वरीस झाला, त्याचा आवाज मला आठवत न्हाय. रातचं आठवाया बसते, तं माजाच आवाज येतो."

"मावशी, मी ते डिलीट केलं."

"म्हंजे?"

"पुसून टाकलं. आता नाही ते. कुठेच नाही."

माझा आवाज लपवायला मी त्यांच्या नवऱ्याचा आवाज पुसला होता. या जगात तो तेवढाच उरला होता, चौदा सेकंदांत दडलेला, आणि त्याची गरज कोणाला असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"बोलला काय तो?" त्यांनी विचारलं. "तुला याद हाय?"

मला याद होती. आजही आहे. दुपारी, जेवताना, जिना चढताना, केव्हाही.

"विचारलं त्यांनी. आयलो का रं मी त्यात, म्हणाले."

"मंग? तू काय सांगितलास त्याला?"

"काहीच नाही, मावशी. तेवढा वेळच नव्हता."

मावशी उठल्या. पदराने फोटोची काच पुसली, स्वच्छ होती तरी पुसली, आणि फोटोतल्या काकांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "आयलास रं. चांगला आयलास."